नाही म्हणणारा सर्व्हर

"मृणाल, हे खटारं सुरू होणार का नाही ते एकदाचं सांग. नाहीतर मी आपली ग्राउंडवर जाते. पोरी वाट बघताहेत."

हिराताई माझ्या नणंद. वय सहासष्ट, पण धुळ्यातल्या निम्म्या शाळांच्या खो-खोच्या पोरी अजून त्यांच्याच हाताखाली तयार होतात. पारोळेकर ट्रस्टच्या कर्करोग रुग्णालयात, जुनी यंत्रं मांडून ठेवलेल्या स्मृतिदालनात त्या स्टुलावर बसून पाय हलवत होत्या, आणि मी टेबलाखाली आडवी होऊन एका जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीत वायर खुपसत होते. साठी उलटल्यावर टेबलाखाली शिरायची हौस कुणाला असते? पण हे काम येणारं दुसरं कुणी सापडलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला मजाही येत होती.

गोष्ट अशी होती. हिराताई बावीस वर्षांच्या असताना त्यांच्या मानेत आणि छातीत गाठी आल्या होत्या. लसीकाग्रंथींचा कर्करोग. याच रुग्णालयात किरणोपचार घेऊन त्या खडखडीत बऱ्या झाल्या. आता इतक्या वर्षांनी अन्ननलिकेच्या वरच्या भागात नवी गाठ निघाली, अगदी पाठीच्या कण्याला खेटून. डॉक्टर इंद्रायणी भामरे म्हणाल्या, पुन्हा किरणं देणं हा सगळ्यात सोपा रस्ता. पण कण्याच्या आत मज्जारज्जू असतो, आणि जन्मभरात त्याला किती किरणं सोसतील याला मर्यादा आहे. जुनी आणि नवी मिळून ती ओलांडली, की काही महिन्यांत पाय जातात, ते कायमचेच. तेव्हा बाविसाव्या वर्षी त्या मज्जारज्जूवर नेमकं किती पडलं, हे कळल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हत्या.

"पूरकला विचारा की!" माझा नवरा भालचंद्र पहिल्याच दिवशी म्हणाला होता. हिराताई त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्याला हिनेच वाढवलं.

पूरक आता कुणाच्या घरात नाही? तरी सांगते, कारण आपण ते रोज वापरतो आणि ते करतं काय हे विसरून जातो. फाटक्या फोटोचा कोपरा भरून काढायला ते आधी आलं. लाखो फोटो पाहिलेले असल्यामुळे फाटलेल्या कोपऱ्यात काय असावं याचा अंदाज त्याला बांधता येतो, आणि तो चांगलाच बांधता येतो. मग जुनी गाणी झाली, जमिनीचे उतारे झाले, शाळांचे दाखले झाले. पुढे तर सर्व्हरच असे निघाले, की पूरक त्यांच्या पोटातच बसलेलं. तुम्ही एखादी फाइल मागितली आणि ती अर्धी सडलेली असली, तरी हातात येते ती धडधाकट. कोरं काही ठेवायचंच नाही, असा त्याचा बाणा.

तर पूरकने हिराताईंचं उत्तरही तत्परतेने दिलं होतं. मज्जारज्जूची सहनशक्ती निम्म्याहून थोडी जास्त वापरली गेली आहे, नवी किरणं द्यायला हरकत नाही, खात्री सत्त्याण्णव टक्के.

"हा त्या काळातल्या सगळ्या पेशंटांचा सरासरी आकडा आहे," डॉक्टर भामरे म्हणाल्या. "मला या बाईंचा हवाय."

या बाईंचा हिशेब झाला होता तो या टेबलावरच्या चपट्या करड्या डब्यावर. ट्रस्टला कुणा परदेशी संस्थेने तो देणगी म्हणून दिला होता. उपचारांची आखणी करणारा प्रोग्रॅम फक्त याच डब्यावर चालायचा, कारण बनवणाऱ्याने तो या डब्याच्या नंबराशी बांधून टाकला होता. त्या काळच्या पेशंटांचे हिशेब ज्यांवर होते त्या जुन्या टेप्स कधीतरी रुग्णालयाच्या सर्व्हरवर उतरवून ठेवल्या होत्या, पण त्या उघडायला डबा जिवंत हवा.

आणि डब्यात डिस्कच नव्हती.

"म्हणजे चोरीला गेली?" हिराताईंनी विचारलं.

"नाही हो ताई. नव्हतीच. याला डिस्कलेस म्हणायचे. डिस्क महाग होत्या, म्हणून एकाच सर्व्हरवर सगळं ठेवायचं आणि असले डबे त्याला जोडायचे. घरात चूल नाही, रोजचा डबा मागवायचा, तशातली गत. वीज दिली की याला फक्त स्वतःचा एक नंबर आठवतो. मग हा वायरवर हाक मारतो, हा माझा नंबर, तर मी कोण? सर्व्हर सांगतो, तू अमुक. मग हा म्हणतो, बरं, सुरू कसं व्हायचं ती फाइल दे. ती आली की पुढची मागतो. असं मागत मागत उभा राहतो."

"आणि कुणी उत्तरच दिलं नाही तर?"

"तर हाका मारत बसतो."

हिराताईंनी डब्याकडे जरा मायेने पाहिलं. मीही पाहिलं. कॉलेजात असताना पुण्यात अशा डब्यांची अख्खी लॅब माझ्या ताब्यात होती. प्रत्येकाची चाल मला पाठ होती.

हा तर स्वतःचा नंबरही विसरला होता. नंबर ज्या चिपमध्ये असतो, तिची बॅटरी केव्हाच मेलेली. नशीब, चिपच्या पाठीवर चिकटपट्टी होती आणि तिच्यावर नंबर छापलेला होता. तो मी एकेक अक्षर टाइप करून त्याला परत शिकवला. नव्या नेटवर्कला त्याची संथ भाषा कळेना, म्हणून रुग्णालयाचे सिस्टिमवाले शिरसाठ भंगारातून एक जुना स्विच घेऊन आले. हा मधला दुभाष्या. एव्हाना डॉक्टर भामरे आणि भालचंद्रही येऊन उभे राहिले होते. शिरसाठांनी मुख्य सर्व्हरवर टेप्सची प्रत उघडली आणि मला खूण केली.

मी बटण दाबलं. पंखा घरघरला. काचेचा जाडजूड पडदा हळूहळू उजळला, त्यावर अक्षरं उमटली, आणि डब्याने हाक मारली. सर्व्हरने लगेच उत्तर दिलं. फाइल मागितली, आली. पुढची मागितली, आली. काही म्हणता काही अडलं नाही. बघता बघता डबा उभा राहिला, प्रोग्रॅम उघडला, आणि पडद्यावर बावीस वर्षांच्या हिराताईंच्या छातीचा आडवा छेद दिसला. मधोमध मज्जारज्जूचा ठिपका, आणि त्याभोवती कुठे किती किरणं पडली ते दाखवणाऱ्या रंगीत रेषा.

"अगं बाई! ही मी?" हिराताई पडद्याला नाक लावून बघायला लागल्या. "तेव्हा बारीक होते हो मी!"

डॉक्टर भामरेंनी आकडा वाचला. पूरकने सांगितलेला तोच, जवळजवळ काडीचा फरक नाही. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. "सोमवारपासून सुरू करू," त्या म्हणाल्या. भालचंद्र पेढे आणायला धावला. शिरसाठांनी माझ्याशी हात मिळवला. मलाही अगदी भरून आलं होतं.

पेढा तोंडात होता आणि मी सवयीने सर्व्हरची नोंद चाळत होते, डब्याने काय मागितलं आणि त्याला काय मिळालं त्याची. वाचता वाचता पेढा गोड लागेना.

"शिरसाठ," मी म्हटलं, "यात 'नाही' कुठाय?"

"कसलं नाही?"

"अहो, हे डबे सुरू होताना धडाधड अशा फाइली मागतात ज्या नसतातच. आधी एका लांबलचक नावाने मागतात. सर्व्हर म्हणतो, नाही. मग आखूड नावाने मागतात. अमुक भाषेचा फाँट आहे का? नाही. तमुक प्रिंटर आहे का? नाही. निम्मं बोलणं नकाराचं असतं. माझ्या लॅबमध्ये एकही डबा कधी 'नाही' ऐकल्याशिवाय उठलेला नाही. इथे सगळ्याला 'हो' आहे. जर्मन भाषेचा फाँट मागितला, तोही मिळाला. तो तुमच्याकडे होता कधी?"

शिरसाठांनी माझ्या हातातली नोंद घेतली आणि शेवटपर्यंत वाचली. "फाँट सर्व्हरने बनवून दिलाय," ते हळूच म्हणाले. "पूरकने."

"आणि ताईंच्या उपचारांचा प्लॅन?"

त्यांनी नोंद टेबलावर ठेवली. "मूळ प्रत सर्व्हरच्या खालच्या थरात आहे. कायद्याने ठेवावी लागते. पण सर्व्हर ती कधी तशी देत नाही, नीट करूनच देतो. नीट करताना नेमकं काय बदललं, हे मी सांगू शकत नाही."

भालचंद्र पेढ्यांचा बॉक्स धरून तसाच उभा होता. "म्हणजे काय? आकडा बरोबर नाही असं म्हणायचंय तुला?"

"बरोबर असेलही. पण आपण पूरकला विचारलं, मग पूरकलाच डब्याच्या तोंडून बोलायला लावलं, आणि दोघांचं जमलं म्हणून पेढे वाटले."

"मृणाल, गाठ वाढतेय. तुला यंत्राशी खेळायची हौस आहे म्हणून..."

"भाल्या!" हिराताई कडाडल्या. "ती काय म्हणते ते करू दे."

त्या दिवसापासून भालचंद्र माझ्याशी बोलेनासा झाला. जेवायला बसायचा, ताट संपवायचा, उठायचा. मला त्याचा राग नाही आला. भीती वाटत होती त्याला. मलाही वाटत होती. माझ्या शंकेपायी हिराताईंचे उपचार लांबले आणि गाठ हाताबाहेर गेली, तर मी कुठल्या तोंडाने जगणार होते?

शिरसाठांनी वरिष्ठांची परवानगी मिळवून मूळ प्रत तशीच्या तशी, पूरकचा हात न लागू देता, उतरवून आणली. ती मी माझ्या तळहाताएवढ्या एका साध्या कॉम्प्युटरवर चढवली. त्यात पूरक बसण्याएवढी जागाच नव्हती. त्याला मी एवढंच शिकवलं, की मागितलेली फाइल असेल तर दे, आणि नसेल तर नाही म्हण. मग डब्याची वायर मुख्य सर्व्हरवरून काढून या बारक्याला जोडली.

या वेळी दालनात आम्ही चौघंच होतो. हिराताई, डॉक्टर, शिरसाठ आणि मी. भालचंद्र बाहेर बाकावर बसून राहिला.

बटण दाबलं. डब्याने हाक मारली, मी कोण? बारक्याने सांगितलं. फाइल दे. नाही. बरं, या नावाने दे. घे. हे आहे का? नाही. ते? नाही. मी नोंद मोठ्याने वाचत होते आणि हिराताई प्रत्येक नकाराला मान डोलावत होत्या. मधेच सगळं थांबलं. टेपचा तो तुकडा खरोखरच सडलेला होता. डब्याने तीच फाइल पुन्हा मागितली, पुन्हा नाही ऐकलं, जरा थबकला, आणि तिच्याशिवाय पुढे गेला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

उभा राहिला तेव्हा अवतार बघण्यासारखा होता. अर्ध्या बटणांवर अक्षरं नाहीत, एका कोपऱ्यात नुसत्या चौकटी, प्रिंटर नाही म्हणून तक्रार. पण प्रोग्रॅम उघडला. हिराताईंचा प्लॅन उघडला. छेदाच्या खाली एकेका दिवसाच्या उपचाराच्या काड्या ओळीने उभ्या होत्या, जितकी किरणं तितकी काडी उंच. या काड्या पहिल्या वेळीही होत्या, पण तेव्हा सगळ्या एका उंचीच्या, लागोपाठ होत्या. आता मधेच आठवडाभराची मोकळी जागा दिसत होती, आणि तिच्या पुढच्या सगळ्या काड्या आधीच्यांपेक्षा उंच.

"हे काय? इथे खंड का पडला?" डॉक्टर भामरेंनी विचारलं.

मी तारखा वाचल्या. हिराताई आधी गोंधळल्या, मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"आखाजी!"

"काय?"

"अगं, आखाजी होती, अक्षय्य तृतीया! माझं नवं नवं लग्न. सगळ्या मैत्रिणी सासरहून माहेरी बेटावदला आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, आणि मी इथे धुळ्याला त्या यंत्राखाली पडून राहू? दिलं सोडून आणि गेले पळून. गळ्याला सूज होती तरी गाणी म्हटली. परत आले तर इथले ते हिशेब करणारे खैरनार सर असे ओरडले माझ्यावर, काय सांगू! म्हणाले, पोरी, आता राहिलेलं भरून काढायला दर वेळी जास्त द्यावं लागेल."

"आणि हे तुम्ही इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कुणी विचारलं? त्या पूरकने विचारलं, उपचार पूर्ण केले होते का? हो म्हटलं. केलेच होते की!"

शिरसाठांनी डोकं धरलं. पूरकला तो आठवडाभराचा खंड टेपवरचा डाग वाटला होता. पेशंट असा मधेच निघून जात नाही आणि किरणांचा डोस असा मधेच उंचावत नाही, असं ते लाखो प्लॅन बघून शिकलं होतं. म्हणून त्याने खंड बुजवला आणि काड्या कापून सारख्या केल्या. खानदेशातल्या नव्या नवरीला आखाजी म्हणजे काय, हे त्या सरासरीला कुठून कळणार?

डॉक्टर भामरे मात्र आकडेमोडीत बुडाल्या होत्या. एका वेळी थोडी थोडी किरणं दिली, तर मज्जारज्जू मधल्या काळात सावरतो. तेवढीच एका वेळी जास्त दिली, तर त्याला लागलेला मार कितीतरी मोठा असतो. इतक्या वर्षांत जे भरून निघालं असेल, तेही त्यांनी हिशेबात धरलं. मग पेन खाली ठेवलं.

"काठोकाठ आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी आपण सुरुवात केली असती, तर... नको. किरणं आता देता येणार नाहीत."

मी तिथेच स्टुलावर बसले. बरं वाटलं का वाईट, काही कळेना.

भालचंद्रला आत बोलावलं. डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं, आणि मग दुसरा रस्ताही सांगितला. गाठ शस्त्रक्रियेने काढायची. गाठ अजून लहान आहे, निघेल. पण तिला चिकटूनच आवाजाची नस जाते, आणि ती वाचेलच असं नाही. आवाज बसेल, कदाचित कायमचा.

"ताईचा आवाज?" भालचंद्र म्हणाला. "अहो, तिचा आवाज ग्राउंडच्या पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जातो! ती खो-खो शिकवते. आवाज गेला तर राहिलं काय?" मग तो माझ्याकडे वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला. "तू हे उकरलं नसतंस, तर तिला हे निवडावं लागलं नसतं."

"तर तिचे पाय गेले असते, भालचंद्र."

"गेले असते का? खात्रीने?"

"खात्रीने नाही," मी म्हटलं.

हिराताई खिडकीपाशी जाऊन उभ्या होत्या. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. मग त्यांनी वळून डॉक्टरांना विचारलं, "ऑपरेशननंतर पळता येईल?"

"पळता?" डॉक्टर भामरे हसल्या, मग गंभीर झाल्या. "चालता नक्की येईल. पळायचं मात्र तुमच्यावर."

"मग काढा. भाल्या, रडू नकोस. तुला मी बोलून वाढवलंय का? तुझ्यामागे पळून पळून वाढवलंय."

शस्त्रक्रिया झाली. गाठ पूर्ण निघाली. नस वाचली नाही.

चार-पाच दिवसांत हिराताई वॉर्डच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला लागल्या, नळ्या लावलेल्याच, नर्सला मागे टाकून. पण घशातून निघायचा तो नुसता खरखरीत वारा. कान जवळ नेला तरच शब्द लागायचा. भालचंद्र रोज येऊन उशाशी बसायचा. मी आले की उठून बाहेर जायचा.

मग एके सकाळी रुग्णालयाचा माणूस एक पातळ पट्टी घेऊन आला. ती गळ्यावर चिकटवायची. घशाच्या स्नायूंची हालचाल वाचून, काय म्हणायचंय ते ओळखून, ती तुमच्याच जुन्या आवाजात बोलणार. हिराताईंचा आवाज तिने सामन्यांच्या व्हिडिओंवरून शिकून घेतलेला होता. भालचंद्र त्या दिवशी मी आल्यावरही उठला नाही. त्याला तो आवाज ऐकायचा होता. मलाही ऐकायचा होता, खोटं कशाला बोलू?

पट्टी चिकटवली. हिराताईंनी भावाकडे पाहून ओठ हलवले.

"भालचंद्र, मला थोडं पाणी देतोस का?"

आवाज तोच होता. तोच खणखणीत, भरदार, ग्राउंडच्या पलीकडे जाणारा. भालचंद्रच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "ताई! अगं ताई, तुझा आवाज!"

हिराताई मात्र पट्टीला हात लावून चकित होऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आलं. टाक्यांवर हात दाबून त्या हसत सुटल्या. मग त्यांनी नखाने पट्टीची कड उचलली आणि ती सरळ ओढून काढली.

"भालचंद्र?" त्या खरखरल्या. मी कान जवळ नेला नव्हता, तरी ऐकू आलं, एवढा जोर लावला त्यांनी. "उभ्या जन्मात मी याला भालचंद्र म्हटलंय? आणि म्हणे देतोस का!" त्यांना धाप लागली. श्वास घेऊन त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. "भाल्या, मेल्या, पाणी आण!"

भालचंद्र बाहीने डोळे पुसत उठला आणि पॅसेजमधल्या कूलरकडे गेला. परत आला तो दोन ग्लास घेऊन. एक त्याने बहिणीच्या हातात दिला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "सकाळपासून तूही काही घेतलं नाहीस."